गाठ आणणारा जंतू, बुरशी आणि उपासाचं रताळं

नमस्कार मंडळी! गुलाबाच्या किंवा द्राक्षाच्या खोडाला जमिनीलगत खडबडीत गाठ आलेली बघितलीय कधी? ती आणणारा जंतू म्हणजे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम, मातीतच राहतो, झाडाला जखम झाली की तिथून अ‍ॅसिटोसिरिंगोन नावाचं केमिकल पाझरतं, याला त्याचा सुगावा लागतो आणि मग हा पठ्ठ्या स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा थेट झाडाच्या पेशीत घुसवतो. पेशी सैरभैर वाढतात म्हणून ती गाठ, आणि वर याचं खास खाणंही झाडच बनवून देतं, फुकटात!

रोग याच जंतूमुळे होतो हे अमेरिकेत १९०७ सालीच कळलं होतं, पण तुकडा खरंच झाडाच्या डीएनएत जाऊन बसतो हे मेरी-डेल चिल्टन बाईंनी सिएटलमध्ये दाखवलं ते १९७७ साली. मग काय, गाठीचे जीन काढले, दोन्ही टोकांच्या २५-२५ अक्षरांच्या खुणा तेवढ्या ठेवल्या, मधे हवा तो जीन बसवला, पोचवायचं काम जंतूकडे. २००२ मध्ये आपल्याकडे आलेली बीटी कपाशी अशीच तयार झालेली. आता कोणी म्हणेल हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, तर २०१५ मध्ये कळलं की लागवडीच्या रताळ्यात या जंतूच्या जातभाईंचे जीन हजारो वर्षांपासून आहेत, आणि आपण ते एकादशीला खुशाल खातो. बीटीच्या भावावर, बियाण्यावर भांडा की, ते भांडण वेगळं.

मला खरी गंमत वाटते ती बुरशीची. हा जंतू झाडांचा, बुरशीशी याचा काय संबंध? पण नेदरलँड्सच्या लायडनमध्ये १९९५ साली त्याने यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीत, डीएनए पोचवला, १९९८ मध्ये बटन मशरूम आणि आंब्यावर करपा आणणारी बुरशीसुद्धा जमली. पूर्वी बुरशीत नवा जीन घालायचा तर आधी पेशीची भिंत एन्झाइमने विरघळवायची, मग त्या नाजूक पेशी सांभाळत बसायचं, भयंकर कटकट. आता बीजाणू आणि जंतू एकत्र करून प्लेटवर ठेवायचे, जखम नाही म्हणून अ‍ॅसिटोसिरिंगोन आपणच घालायचं, दोन-तीन दिवसांनी एका अँटिबायोटिकने जंतू मारायचा आणि हायग्रोमायसिन हे बुरशी मारणारं औषध टाकायचं; त्याला पुरून उरणारा जीन तुकड्यात आधीच घातलेला असतो, म्हणून ज्या बुरशीने तो घेतला तीच जगते.

तुकडा कुठेही जाऊन बसतो, मधेच एखादा जीन बंद पाडतो, तेही कामाचंच, कारण भातावरच्या करप्याची बुरशी कुठला जीन बंद पडल्यावर रोग करायचं विसरते हे असंच शोधतात.

फक्त तापमान २२ ते २५ डिग्री पाहिजे हं, २८ च्या वर डीएनए पाठवायचं काम पार मंदावतं, त्यामुळे मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे लॅबचा एसी बंद पडला तर त्या प्लेटची आशा सोडा!