ज्या गावाने किडीचा पुतळा उभारला

नमस्कार मंडळी. आज आपण जाणार आहोत अमेरिकेच्या दक्षिणेला, अलाबामा राज्यातल्या कॉफी काउंटीत, एंटरप्राइझ नावाच्या गावात. कॉफी म्हणजे आपण पितो ती नाही बरं का, जॉन कॉफी नावाचा एक जनरल होता, 1841 साली ही काउंटी झाली तेव्हा त्याचं नाव दिलं.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रकार, फक्त आकाराने बऱ्याचदा तालुक्याएवढीच असते. आणि ज्या गावात काउंटीचं कोर्टहाऊस, ते काउंटीचं मुख्य गाव. जमिनीची नोंद तिथं, टॅक्स तिथं, लग्नाचा परवाना तिथं, खटले तिथंच. कॉफी काउंटीची गंमत अशी की तिला अशी दोन गावं आहेत. एक एल्बा, नेपोलियनला जिथं ठेवलं होतं त्या बेटाच्या नावाचं, जुनं गाव, पी नदीच्या काठचं. 1929 च्या मार्चमध्ये ही नदी अख्ख्या एल्बात शिरली, मग बांध घातला, 1990 मध्ये तो बांधही फुटला. आणि दुसरं गाव एंटरप्राइझ, तिथं वेगळं कोर्टहाऊस. मला विचाराल तर हे फार शहाणपणाचं आहे, एका उताऱ्यासाठी माणसाला दिवस मोडून एसटीने साठ किलोमीटर जायला लावणं हा काही कारभार नाही, आपल्याकडे तालुक्यांचं विभाजन मागणारी माणसं उगीच ओरडत नाहीत. असो.

एंटरप्राइझ तसं नवं गाव. 1881 मध्ये जॉन हेन्री कारमायकल नावाचा माणूस तिथं येऊन राहिला, 1896 ला रीतसर नगर झालं, 1898 ला रेल्वे आली आणि रेल्वे आली म्हणजे कापूस आला. त्या भागाला वायरग्रास म्हणतात, रेताड, हलकी जमीन. पण पीक एकच, कापूस. दुकानदार उधार देणार तो कापसावर, बँक कर्ज देणार तेही कापसावर. आणि शेतात राबणारे बरेचसे बटाईदार, त्यात काळे लोक खूप, त्यांना तर पर्यायच नाही, जमीनमालक सांगेल तेच पेरायचं.

आता मी ज्या गोष्टीसाठी आज बसलोय ती सांगतो.

साधारण 1892 च्या सुमाराला मेक्सिकोतून टेक्सासमध्ये एक किडा शिरला. बोल वीव्हिल. नीट ऐका, ही आपली बोंडअळी नाही. आपल्याकडची गुलाबी बोंडअळी ही पतंगाची अळी, आणि हा आहे सोंड असलेला भुंगा, सोंडकिडा, लांबी जेमतेम 6 मिलिमीटर. मादी सोंडेने कापसाच्या पातीला, म्हणजे न उमललेल्या कळीला, भोक पाडते, आत अंडं घालते, अळी आतूनच खाते आणि पाती गळून पडते. अंड्यापासून भुंगा व्हायला तीनेक आठवडे, म्हणजे एका हंगामात पिढ्यांवर पिढ्या. तेव्हा त्याच्यावर खात्रीचं औषधही नव्हतं. हा किडा दरवर्षी थोडा थोडा पूर्वेला सरकत सरकत 1910 मध्ये अलाबामात पोचला आणि 1915 मध्ये कॉफी काउंटीत. शेतकऱ्याला सांगायला नकोच काय झालं असेल. झाड हिरवंगार उभं, आणि खाली पात्यांचा सडा.

एंटरप्राइझमध्ये एच. एम. सेशन्स नावाचा व्यापारी होता. त्याच्या डोक्यात आलं की ही जमीन भुईमुगाला चांगली आहे. भुईमूग तिथं अगदीच अनोळखी नव्हता, पण तो मुख्यतः डुकरांना चारायचा, बाजारात नेण्याचं पीक म्हणून कुणी बघतच नव्हतं. 1916 मध्ये सेशन्सने सी. डब्ल्यू. बॅस्टन नावाच्या शेतकऱ्याला पटवलं. आणि बॅस्टन कोण, तर कर्जात बुडालेला माणूस! मला या गोष्टीतली हीच जागा सगळ्यात जास्त आवडते. ज्याच्याकडे गमवायला काही उरलेलं नाही अशा माणसाने पहिलं पाऊल टाकलं, आणि व्यापाऱ्यानेही नुसता सल्ला देऊन हात वर केले नाहीत, स्वतःही त्यात उतरला. सल्ला देणाऱ्याचं स्वतःचं काही पणाला लागलेलं असावं असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे, गाडीतून उतरून बांधावरूनच पीकबदलाचं भाषण करणारे आपण खूप बघितले.

तर 1916 चा हंगाम. भुईमूग आला, आणि असा आला की त्या एका पिकात दोघांचंही कर्ज फिटलं. परत सांगतो, एका पिकात कर्ज फिटलं. आणि गिऱ्हाईक कोण, तर आजूबाजूचेच शेतकरी, ज्यांना पुढच्या वर्षी स्वतः भुईमूग लावायचा होता, म्हणजे शेंगा बियाणं म्हणूनच उचलल्या गेल्या. पुढच्या वर्षी, 1917 मध्ये, कॉफी काउंटी देशात सगळ्यात जास्त भुईमूग पिकवणारी काउंटी ठरली, असं तिथले लोक आजही अभिमानाने सांगतात. 1915 ला कीड, 1916 ला पहिला भुईमूग, 1917 ला देशात पुढे. कापूस नंतर परत आला, पण आता तो एकटा नव्हता, सोबत दुसरी पिकं होती.

मग बॉन फ्लेमिंग नावाच्या तिथल्याच एका व्यावसायिकाने सुचवलं की या किड्याचं स्मारक करू, आणि पैसेही बरेचसे त्यानेच उभे केले. सुमारे 1,800 डॉलर खर्चून पुतळा इटलीत करून आणला, झुळझुळीत झगा घातलेली एक स्त्री, दोन्ही हात वर केलेले. 11 डिसेंबर 1919 ला मेन स्ट्रीट आणि कॉलेज स्ट्रीट मिळतात त्या चौकात त्याचं अनावरण झालं. खाली लिहिलंय की समृद्धीचा दूत म्हणून बोल वीव्हिलने जे केलं त्याबद्दल मनापासून कृतज्ञता. ज्या किडीने गाव बुडवलं तिचे आभार दगडावर कोरून ठेवले, आणि तेही चारेक वर्षांत, जखम ओली असताना.

आणि ऐका, तेव्हा त्या पुतळ्यावर किडा नव्हताच! तीस वर्षांनी ल्यूथर बेकर नावाच्या माणसाला वाटलं की किड्याचं स्मारक आणि किडा कुठंय, मग त्याने धातूचा भला मोठा किडा बनवून त्या बाईच्या हातांवर बसवला. तेव्हापासून लोकांनी तो चोरायला सुरुवात केली, कधी नुसता किडा जायचा, कधी अख्खा पुतळाच, आणि गाव दर वेळी दुरुस्त करून परत उभा करायचं. 1998 च्या जुलैमध्ये मात्र किडा इतका जोरात उपटला की मूळ पुतळा कायमचा खराब झाला. तो आता जुन्या रेल्वे डेपोतल्या म्युझियममध्ये आहे, चौकात त्याची प्रतिकृती आहे आणि तिच्यावर कॅमेरा आहे.

पण एक गोष्ट मी गाळणार नाही. समृद्धी सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. दक्षिणेत किडीमुळे कापूस गेला तेव्हा असंख्य बटाईदारांचं कामच गेलं, आणि शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांकडे काळ्या लोकांचं जे प्रचंड स्थलांतर झालं त्याच्या अनेक कारणांतलं हा किडा एक होता. पुतळ्यावर ते लिहिलेलं नाही, म्हणून मी सांगतोय. आणि किडा नाहीसा झाला तो पुतळ्याने नाही, 1978 पासून सरकार आणि शेतकऱ्यांनी मिळून गावोगाव कामगंध सापळे, म्हणजे किड्याला वासाने ओढून पकडणारे सापळे, लावले, ठरवून फवारण्या केल्या, सगळ्यांनी एकदम, तेव्हा कुठे अमेरिकेच्या बहुतेक भागातून तो गेला. एकट्याने सापळे लावून काही होत नाही, शेजाऱ्यानेही लावले पाहिजेत, हे यवतमाळ-वर्ध्याच्या श्रोत्यांना मी वेगळं काय सांगू.

आजचं एंटरप्राइझ म्हणाल तर लोकसंख्या 28 हजारांच्या आसपास, शेजारी लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षणाचं मोठं केंद्र, त्यामुळे शेतीपेक्षा नोकरदार जास्त. 1 मार्च 2007 ला तिथल्या हायस्कूलवर टॉर्नेडो, म्हणजे प्रचंड वावटळ, आदळली आणि आठ विद्यार्थी गेले. गावाने शाळा नव्याने बांधली.

राहता राहिले कार्व्हर. भुईमूग म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात ते नाव आलंच असणार, मराठी घरात शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर परके नाहीत. ते याच अलाबामात, टस्कीगीला होते, आणि भुईमूग कसा लावावा आणि खाण्यासाठी त्याचे 105 प्रकार कसे करावेत याची त्यांची पुस्तिका 1916 चीच, म्हणजे बॅस्टनने शेंगा काढल्या तेच वर्ष. 1919 च्या त्या अनावरणालाही त्यांना बोलावलं होतं, पण पावसाने रेल्वेचा रूळ वाहून गेला आणि ते पोचू शकले नाहीत, असं तिथं सांगतात. पुढे 1938 मध्ये जवळच्या डोथन गावात पहिला भुईमूग महोत्सव भरला, तेव्हा मात्र प्रमुख पाहुणे म्हणून कार्व्हर आले आणि बोलले. तो महोत्सव अजून भरतो, दर नोव्हेंबरला.