काढता पाय

मंडळी, नमस्कार. निमंत्रणात विषय छापलाय 'टेकडीवरचं सायकलिंग आणि क्लिपलेस पॅडल : कसं शिकावं?' अर्धा तास दिलाय, त्यातली आठ मिनिटं माझी ओळख करून देण्यात गेली. 'अनुभवी' म्हणाले मला. तो अनुभव इथे कोपरावर आहे, कार्यक्रमानंतर दाखवतो.

आधी नावाचं भांडण मिटवू. ज्या पॅडलमध्ये बूट खटकन अडकतो, त्याला म्हणायचं क्लिपलेस! पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पॅडलवर एक पिंजरा असायचा, टो-क्लिप. त्यात पाय खुपसायचा आणि वरून पट्टा आवळायचा. सोडवायचा तर वाकून हातानं पट्टा सैल करायचा. 1984 साली लूक या फ्रेंच कंपनीनं नवं पॅडल बाजारात आणलं. ही मंडळी मूळची स्कीची, बर्फावर घसरताना बूट पट्टीला अडकवून ठेवणाऱ्या खटक्यांची. पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोनं तीच पॅडलं लावून टूर द फ्रान्स जिंकली. पिंजरा गेला, म्हणून 'क्लिप नसलेलं'. आमच्या पेठेत चिंचेचा बोळ आहे. त्यातली चिंच माझ्या वडिलांनीही पाहिलेली नाही. पण म्हणून कुणी 'बिनचिंचेचा बोळ' म्हणतं का? (हशा) हसू नका, माझी आठ मिनिटं अशीच गेली.

तर डोंगरवाल्यांची सोय झाली 1990 मध्ये, शिमानो या जपानी कंपनीच्या एसपीडी पॅडलमुळे. क्लीट म्हणजे पॅडलमध्ये अडकणारा बुटाखालचा लोखंडी तुकडा. तो इथे लहान, दोन बोल्टांवर बसणारा आणि तळव्याच्या खाचेत लपलेला. त्यामुळे चालता येतं. आणि आपण चालतो हो! चढावर निम्मा वेळ सायकल ढकलतच असतो, फोटोत तेवढं दिसत नाही.

आता सगळी गोम ऐका. पाय सुटतो तो टाच बाहेरच्या बाजूला वळवल्यावर. वर उचलून नाही, मागे ओढूनही नाही. आणि आपलं शरीर लहानपणापासून काय शिकलंय? सायकल थांबली की पाय उचल आणि जमिनीला टेकव. घाबरलो की ते जुनंच आठवतं.

आता वेताळ टेकडीची गोष्ट. ही थोडक्यात सांगायची असं घरून बजावलंय. रविवारची सकाळ, साडेसहा-सात. टेकडीवर त्या वेळी निम्मं कोथरूड फिरायला असतं. मी चढावर होतो, दगडाशी चाक अडलं, सायकल थांबली. मी नवशिका नव्हतो, महिनाभर सराव झाला होता. शांतपणे टाच वळवली. बूट वळला, पाय वळला, पण खटका काही वाजेना. पुन्हा वळवली. तोवर मी उजवीकडे कलायला लागलो होतो. सायकल थांबल्यावर पडायला जो वेळ लागतो ना, तो फार मोठा असतो. समोरून येणाऱ्या एका बाईंना मी 'नमस्कार' म्हटल्याचं मला आठवतं. मग आडवा झालो. सायकल अंगावर आणि पाय अजून पॅडलमध्येच!

झालं असं होतं, की क्लीटचे बोल्ट मीच बसवले होते, हळुवार हातानं, आटे जातील या भीतीनं. दोनांपैकी एक कुठेतरी मुरमात गळून पडला होता. एकाच बोल्टावर क्लीट बुटाखाली भोवऱ्यासारखी फिरते. तुम्ही टाच कितीही वळवा, ती पॅडलला धरून जागच्या जागीच राहते. भोवती आठ-दहा जण जमले. कुणी सायकल ओढतंय, कुणी मला. हे मुळात अडकवलंच कशाला, यावर दोघांचा वाद सुरू झाला. शेवटी काठी टेकत आलेले एक आजोबा म्हणाले, "अहो, पाय निघत नाही तर बूट काढा की!"

काढला. आणि टेकडी उतरलो, एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा, आणि दुसरा बूट सायकलच्या पॅडलला लटकलेला. (हशा) आजोबा अजून दिसतात. रोज विचारतात, "आज दोन्ही आहेत ना?"

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग जे सांगायला बोलावलंत ते भराभर सांगतो.

बोल्टाला ग्रीस लावा आणि कंपनी सांगते तेवढा आवळा, 5 ते 6 न्यूटन-मीटर. पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा. क्लीट धरून ठेवणाऱ्या पॅडलच्या स्प्रिंगचा स्क्रू 3 मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीनं, म्हणजे षटकोनी चावीनं, पूर्ण सैल करा. एसपीडी पॅडलला दोन्ही तोंडं असतात, म्हणजे स्क्रू एकूण चार. लोक दोनच सैल करतात आणि नेमक्या घट्ट तोंडात पाय घालतात. नवशिक्यांनी एसएच-56 ही क्लीट घ्यावी. ती टाच इतर दिशांना झटकली तरी सुटते. नेहमीची 51 फक्त बाजूला वळवल्यावरच सुटते.

सराव घरात, भिंतीला धरून. प्रत्येक पाय शंभरदा अडकवा, शंभरदा सोडवा. मग गवताचं मैदान, मग सपाट रस्ता, टेकडी सर्वांत शेवटी. पाय सोडवायचा तो थांबायच्या आधी, चाक फिरत असतानाच. आपल्या भाषेत याला काढता पाय घेणं म्हणतात. आणि जो पाय सोडवलाय त्याच बाजूला कला. डावा सोडवून उजवीकडे पडणारे मी कितीतरी पाहिलेत. चढावर गिअर आधीच हलका करा. चालून आलात तर खाचेत मुरूम भरलेला असतो, बूट पॅडलवर आपटून झाडा.

काय म्हणालात? फायदा काय? पाय वर ओढून दुप्पट जोर मिळतो, हे विसरा. जोर खाली दाबण्यातूनच येतो. फायदा एवढाच, की खडकाळ उतारावर पाय पॅडलवरून उडत नाही. आणि तेही सक्तीचं नाही. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल साध्या सपाट पॅडलवर जागतिक विजेता झाला. मग मी का लावतो? ते विचारायला वेळ उरलेला नाही, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.

चहा बाहेर आहे. ज्यांनी असे बूट घातलेत त्यांनी जाताना तळवा वर करून दाखवा, दोन्ही बोल्ट आहेत का बघतो. अ‍ॅलन की खिशातच आहे.