पाणी कायले टाकता?

(दृश्य: कापूस वेचून झालेलं वावर. पलीकडे शाळेचं मैदान.)

माघ संपत आलाय. यवतमाळ जिल्ह्यातल्या या शिवारात कापसाचा शेवटचा वेचा उरकला. शाळेच्या मैदानात बाटलीचं रॉकेट उडवायला पोट्टे जमलेत. मधोमध दोन विटा, त्यांच्या बेचक्यात तोंड खाली करून उभी केलेली कोल्ड्रिंकची बाटली, आणि तिच्या बुचातून सायकलच्या पंपापर्यंत गेलेली नळी. बाटली कोल्ड्रिंकचीच हवी, कारण ती गॅसचा दाब सोसायला बनवलेली असते. पंप मारणारा सोडून बाकी सारे लांब.

आधी बाटली रिकामीच ठेवली. हवा भरली, बूच सुटलं, बाटली जराशी उसळून आडवी झाली.

मग मॅडमनी तिसरा हिस्सा पाणी भरलं. सहावीतली एक मुलगी विचारते, "मॅडम, पाण्यानं तं बाटली जड होईन. मंग पाणी कायले टाकता?"

रॉकेटचं सारं मर्म या प्रश्नात आहे.

(पंपाचा आवाज. बाटली सुटते.)

शाळेच्या कवेलूंच्याही वर!

दाबलेली हवा पाण्याला खाली लोटते आणि तेवढ्याच जोरानं बाटली वर लोटली जाते. न्यूटननं १६८७ मध्ये मांडलेला नियम तो हाच. नुसती हवा क्षणात निसटते. पाणी जड, त्याला बाहेर पडायला वेळ लागतो, तेवढा वेळ बाटलीला रेटा मिळत राहतो.

रॉकेट हवेला रेटून वर जातं, असं पुष्कळांना वाटतं. १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं याच समजुतीतून, रॉकेट चंद्रापर्यंत पोचू शकतं म्हणणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्ड यांची खिल्ली उडवली होती. अपोलो ११ यान चंद्राकडे निघालं, तेव्हा जुलै १९६९ मध्ये त्या वृत्तपत्रानं चूक कबूल केली. रॉकेटला रेटायला बाहेरचं काहीच लागत नाही. जे फेकायचं, ते रॉकेट सोबतच नेतं.

म्हणून तर ते एवढं अवजड. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन निघालेलं रॉकेट सुमारे ६४० टनांचं होतं आणि यान चार टनांहूनही कमी. सुरुवातीचा रेटा देणाऱ्या बाजूच्या दोन बूस्टरमध्येच ४०० टनांच्या आसपास इंधन होतं. दोन मिनिटांच्या आसपास ते जळून, तापलेला वायू होऊन खाली फेकलं गेलं.

"अजून पाणी टाका, अजून वर जाईन!" एका पोट्ट्याचा आग्रह. मॅडम बाटली जवळजवळ काठोकाठ भरतात. या वेळी ती कवेलूंपर्यंतही पोचत नाही. पाणी वाढलं, तशी दाबलेल्या हवेला जागाच उरली नाही. आता पाव बाटली भरून पाहायचं ठरतंय, आणि पंप कोणी मारायचा यावरून वाद सुरू आहे.