लाभ, दोन, तीन

[दृश्य: सांगली, गणपती पेठ. सकाळ. शटर वर जात आहेत, पोती बाहेर येत आहेत.]

धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. लाभ, दोन, तीन, चार अशी मोजणी चाले, आणि शेवटची पायली पिशवीत रिती झाली की दुकानदार वर मूठभर धान्य टाकत असे. आता पायली आणि शेर गेले, इलेक्ट्रॉनिक काटे आले, पण वरच्या त्या मुठीची अपेक्षा गिऱ्हाइकाच्या मनातून गेलेली नाही. आज ती मूठ बिलाच्या तळाशी छापून येते: या खरेदीवर जमा झालेले पॉइंट, चोपन्न. ही छापील मूठ कुणाच्या पोत्यातून येते, ती पदरात पूर्ण कशी पडते आणि कुठे सांडते, हे आपण आज पाहणार आहोत.

[दृश्य: विश्रामबागेतील मोठे किराणा दालन. गल्ल्यावर रांग.]

रांगेत उभ्या असलेल्या बाई मिरजेच्या एका शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या पर्समध्ये एक पातळ वही असते. गल्ल्यावर आल्यावर त्या आधी मोबाइल क्रमांक सांगतात, मग पुढच्या महिन्यात मुदत संपणारे पॉइंट किती आहेत ते विचारतात आणि त्यानंतरच कार्ड पुढे करतात. पाहणाऱ्याला ही एकच देवघेव वाटते; प्रत्यक्षात एकाच खरेदीची नोंद दोन वेगळ्या खात्यांत झालेली असते. मोबाइल क्रमांकामुळे दुकानाच्या सभासद योजनेत पॉइंट पडतात आणि कार्डामुळे बँकेच्या योजनेत पडतात. यावर तिसरा थर असतो तो कार्डाला जोडलेल्या सवलतीचा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये अमुक दुकानाची सवलत दिसते, ती आपण बोट लावून चालू करायची, आणि त्या दुकानात त्याच कार्डाने पैसे भरले की काही दिवसांनी रक्कम आपोआप खात्यात परत येते. कूपन दाखवावे लागत नाही, गल्ल्यावर काही सांगावेही लागत नाही. हे तिन्ही थर एकाच बिलावर बसवणे यालाच बाई ‘पूर्ण माप घेणे’ म्हणतात.

पण काहीच न सांगता बँकेला दुकान कळते कसे? या योजनेचे सगळे मर्म इथेच आहे. कार्ड ज्या यंत्रावर टेकवले जाते, त्या यंत्राच्या व्यापाऱ्याला एक क्रमांक दिलेला असतो आणि त्याच्या धंद्याला चार आकडी वर्गसंकेत दिलेला असतो. किराणा आणि सुपरमार्केटसाठी ५४११, पेट्रोल पंपासाठी ५५४१, खानावळी आणि हॉटेलांसाठी ५८१२, दागिन्यांच्या दुकानासाठी ५९४४. आपण काय घेतले हे बँकेला कळत नाही. कोणत्या क्रमांकाच्या व्यापाऱ्याकडे, कोणत्या वर्गात, किती रुपये गेले, एवढेच कळते, आणि पॉइंट त्यावरच ठरतात. म्हणून एकाच नावाच्या दोन शाखांपैकी एकीत सवलत मिळते आणि दुसरीत मिळत नाही, असे होऊ शकते. सांगलीची शाखा मूळ कंपनीची असते, मिरजेची कुणी स्थानिक व्यापारी चालवत असतो; पाटी तीच, पण यंत्रामागचा व्यापारी क्रमांक वेगळा. बाईंच्या वहीत अशा दोन दुकानांपुढे लाल शाईने फुली मारलेली आहे.

हुकलेल्या सवलतीची किंमत मी स्वतःही मोजली आहे, कारण मात्र वेगळे होते. या माहितीपटाची तयारी चालू असताना मी एका दुकानाची दीडशे रुपयांची सवलत अ‍ॅपमध्ये रीतसर चालू केली, दुकानात गेलो, आणि घाईत कार्ड न काढता समोरचा क्यूआर स्कॅन करून पैसे दिले. पैसे बचत खात्यातून गेले. सवलत कार्डाला जोडलेली होती, खात्याला नव्हे. बँकेकडे तक्रार केली तेव्हा व्यवहार पात्र नसल्याचे दोन ओळींचे उत्तर आले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते, तरी सवलतीच्या जाहिरातीत ही अट इतक्या बारीक अक्षरांत का असावी, हा प्रश्न मला आजही पडतो. ज्या अटीवर सगळा लाभ अवलंबून आहे ती अट सर्वांत मोठ्या अक्षरांत छापली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

[दृश्य: पुन्हा गणपती पेठ. घाऊक किराण्याचे दुकान. गादी, गल्ला, शेजारी कार्डाचे यंत्र.]

आता मुठीचे पोते पाहू. क्रेडिट कार्डाने घेतलेल्या मालाची पूर्ण रक्कम दुकानदाराला मिळत नाही. त्यातून व्यापारी शुल्क कापले जाते. त्याचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, थोडा कार्डाच्या जाळ्याकडे, म्हणजे व्हिसा, रूपे यांसारख्या व्यवहार जोडून देणाऱ्या संस्थेकडे, आणि थोडा यंत्र पुरवणाऱ्या बँकेकडे. आपले पॉइंट मुख्यतः त्या पहिल्या हिश्श्यातून येतात. शुल्क दोन टक्के धरले तर पाच हजारांच्या बिलावर शंभर रुपये दुकानदाराच्या गल्ल्यातून गेले. साखर, तेल, डाळ यांवरचा नफा मुळातच पातळ असतो, हे या पेठेत कुणाला सांगावे लागत नाही.

म्हणूनच इथले मालक बाईंना सरळ सांगतात, “बाई, कार्ड चालतंय की, पण दोन टक्के वर पडतील.” बाई तेव्हा वही उघडत नाहीत, हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. कार्डावर दीड टक्का मिळणार आणि दोन टक्के वर द्यावे लागणार, म्हणजे शेकडा आठ आणे तोटा. अशा वेळी त्या यूपीआयने थेट खात्यातून पैसे देतात. मालकांचाही यात राग नाही आणि बाईंचाही नाही. २०१९ च्या महापुरात या पेठेत पाणी शिरले, तेव्हा भिजलेल्या वह्यांतली उधारी गिऱ्हाइकांनी आठवणीने आणून दिली, असे मालक सांगतात. कोणत्याही योजनेत न बसणारी अशी निष्ठा या पेठेने पाहिली आहे, आणि कार्डाच्या दोन टक्क्यांसाठी ती पणाला लावावी असे बाईंना वाटत नाही.

व्यापारी शुल्काचा हा प्रश्न डेबिट कार्ड आणि यूपीआयच्या बाबतीत सरकारने वेगळ्या रीतीने सोडवला. १ जानेवारी २०२० पासून रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआयच्या व्यवहारांवर व्यापारी शुल्क शून्य झाले. दुकानदाराला दिलासा मिळाला, पण शुल्कच नाही म्हटल्यावर त्यातून वाटायचे पॉइंटही आटले. त्यानंतर २०२२ मध्ये रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय आली आणि यंत्र नसलेल्या छोट्या दुकानातही क्यूआर स्कॅन करून क्रेडिट कार्डाने पैसे देता येऊ लागले. छोट्या व्यापाऱ्याला दोन हजार रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क पडत नाही. मात्र क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. हरभट रोडवर किंवा भाजी मंडईत अनेकांनी स्वतःच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर लावलेला असतो, तिथे क्रेडिट कार्डाचा व्यवहार होतच नाही. कोथिंबीर घेताना पॉइंटचा विचार मनात आणू नये हे उत्तम.

[दृश्य: बाईंच्या घरातील टेबल. वही, चष्मा, तीन कार्डे.]

बाईंकडे तीन कार्डे आहेत. त्यांतले एक दुकानसाखळीचे नाव छापलेले, म्हणजे बँक आणि दुकान यांनी भागीदारीत काढलेले कार्ड आहे. टाटा न्यू किंवा रिलायन्सच्या नावाची कार्डे आपण पाहतो ती याच जातीची. अशा कार्डावर त्या समूहाच्या दुकानांत जास्त दराने आणि बाहेर कमी दराने पॉइंट मिळतात. या कार्डाबद्दल बाईंना पहिली शंका आली ती पैशाची नव्हती. आपण औषधे कुठून घेतो, कोणत्या डॉक्टरांकडे जातो, हे आता त्या दुकानाला कळणार का?

शंका रास्त होती आणि तिचे उत्तर दिलासा देणारे आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार भागीदार दुकानाला कार्डावरच्या व्यवहारांची माहिती पाहता येत नाही. त्याचे काम कार्डाचा प्रचार आणि ग्राहकाला सवलत देणे एवढ्यापुरते आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून कोणत्याही दुकानाला किंवा अ‍ॅपला आपल्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे एक पर्यायी संकेत वापरला जातो. शेवटचे चार आकडे तेवढे त्यांच्याकडे राहू शकतात.

तरीही एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मोबाइल क्रमांक सांगितल्यामुळे दुकानाला आपली तूरडाळ, साबण, बाळाचे दूध, सगळे नगवार कळते. कार्डामुळे बँकेला सगळ्या दुकानांची नावे आणि रकमा कळतात. दुकानाकडे वस्तू आहेत पण शेजारच्या दुकानातली आपली खरेदी नाही. बँकेकडे सारा गाव आहे पण पिशवीतला जिन्नस नाही. कार्डाशी जोडलेल्या योजना या दोन अर्ध्या माहितींच्या सांध्यावर उभ्या आहेत. प्रतिस्पर्धी दुकानात नेहमी जाणाऱ्या कार्डधारकाला बँक आपल्या अ‍ॅपमध्ये या दुकानाची सवलत दाखवते, आणि सवलतीचा खर्च अनेकदा हे दुकानच उचलते, कारण त्याला नवे गिऱ्हाईक हवे असते. म्हणून रोज ज्या दुकानात जातो तिथली सवलत क्वचित दिसते आणि जिथे पाऊल टाकले नाही तिथली भरघोस दिसते. बाई अशा सवलतीचा फायदा घेतात, पण यादीत आधीच लिहिलेली वस्तू घेण्यासाठीच.

वहीचे पान आता जवळून पाहू. महिन्याचा किराणा आठ हजार रुपयांचा. दुकानाच्या सभासद योजनेत एक टक्का, म्हणजे ऐंशी रुपये. कार्डावर दीड टक्का, म्हणजे एकशे वीस. एका बिलावर कार्डाला जोडलेली शंभर रुपयांची सवलत. एकूण तीनशे. त्याच पानावर खाली, चौकटीत, बाईंनी दुसरा हिशेब लिहिला आहे. कार्डाचे बिल त्या महिन्यात चुकले तर दरमहा साडेतीन टक्के दराने आठ हजारांवर दोनशे ऐंशी रुपये व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे पन्नास रुपये चाळीस पैसे, मिळून तीनशे तीस रुपये चाळीस पैसे. विलंब शुल्क वेगळे. तीन थरांची सगळी मूठ एका चुकीत जाते आणि वर तीस रुपये घरचे लागतात. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो छोटा आकडा छापलेला असतो तो भरला तर विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही, आणि हे व्याज खरेदीच्या दिवसापासून लागते. बाकी थकलेली असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कार्डाच्या साऱ्या व्यवहारात मला हा आकडा सर्वांत घातक वाटतो, कारण तो दिसायला सर्वांत सौम्य आहे.

पॉइंट वटवण्याचीही एक रीत आहे. सगळीकडे एक पॉइंट म्हणजे एक रुपया नसतो. टाटा न्यूच्या पॉइंटाला नाणे म्हणतात आणि ते एका रुपयाचे आहे, पण कित्येक बँकांच्या कार्डांवर चार पॉइंटांचा एक रुपया होतो. त्यामुळे हजार पॉइंट ऐकायला भरघोस वाटले तरी हातात अडीचशे रुपये पडतात. काही बँका प्रत्येक वेळी वटवताना नव्व्याण्णव रुपये आणि त्यावर जीएसटी घेतात, म्हणजे जवळजवळ एकशे सतरा रुपये. तेव्हा थोडे थोडे वटवण्यापेक्षा साठवून एकदाच वटवणे बरे, आणि फार साठवत बसणेही बरे नव्हे, कारण पॉइंटांना मुदत असते आणि योजनाही बदलतात. २००६ मध्ये आय-मिंट नावाने सुरू झालेली, अनेक दुकानांत एकच खाते चालणारी योजना पुढे पेबॅक झाली, २०२१ मध्ये भारतपे या डिजिटल देयक कंपनीने ती विकत घेतली आणि नंतर तिचे नाव झिलियन झाले. पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. त्यावर व्याज मिळत नाही आणि त्याचा भाव ठरवणे आपल्या हातात नाही. बाई दरवर्षी दिवाळीच्या किराण्याला सगळे पॉइंट वापरून टाकतात.

[दृश्य: संध्याकाळ. टेबलावर एकच दिवा. बाई मोबाइलवर अर्ज भरत आहेत.]

वहीच्या शेवटच्या पानावर तिन्ही कार्डांची वर्षाची बेरीज आहे. तिसऱ्या कार्डावर वर्षभरात दोनशे दहा रुपयांचा लाभ झाला आणि त्याचे वार्षिक शुल्क जीएसटीसह पाचशे नव्वद रुपये आहे. बाईंनी त्याची सगळी बाकी आधीच भरली आहे आणि आता त्या कार्ड बंद करण्याची विनंती पाठवत आहेत. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे; न केल्यास उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पोच क्रमांक पडद्यावर आला आहे. बाई तो तारखेसह वहीत उतरवून घेतात आणि कात्री आणायला आत जातात.