दोनदा पडलेला माणूस

मंडळी, 2024 ची महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी इथं कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात, आपल्या सगळ्यांच्याच दिवाणखान्यात झाली. त्या शुक्रवारी इथल्या वेळेनुसार संध्याकाळी साडेसहाला टीव्ही लावला तो मध्यरात्र उलटेपर्यंत. कोण कुठल्या गटात, कोणाचं डिपॉझिट गेलं, यावरून मी आणि मेहुणा हातघाईवर आलो होतो. लेक जिन्यातून म्हणाली, "बाबा, तिथं तुम्हाला मत नाही. इथं आहे. आपल्या आमदाराचं नाव काय?" मी चहा टाकायला उठलो.

हसू नका, तुमच्यातले किती जण सांगाल?

जुन्या मंडळींना उज्जल दोसांझ आठवत असतील. पंजाबातल्या खेड्यातून आले, लाकडाच्या मिलमध्ये राबले, वकील झाले. 1979 ला प्रांताच्या निवडणुकीत पडले. 1983 ला पुन्हा पडले. 1985 ला खलिस्तानी हिंसेविरुद्ध बोलले म्हणून लोखंडी गजाने त्यांचं डोकं फोडलं. तरी 1991 ला व्हँकुव्हर-केन्सिंग्टनमधून निवडून आले आणि 2000 ला ब्रिटिश कोलंबियाचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, झाले. या देशात भारतीय वंशाचा पहिलाच! पुढच्याच वर्षी त्यांचा एनडीपी पक्ष 79 पैकी दोन जागांवर आला, त्यांची स्वतःचीही गेली. मग पक्ष बदलून 2004 ला ओटावात, म्हणजे केंद्रात, आरोग्यमंत्री. ते पक्ष बदलणं मला रुचलं नव्हतं. पण आपल्याकडचं बघता मी गप्प बसतो.

आणि 2024 च्या आपल्या प्रांताच्या निवडणुकीत? सरी-गिल्डफर्डची जागा फेरमोजणीत 22 मतांनी ठरली. 93 च्या सभागृहात प्रीमियर डेव्हिड एबींच्या एनडीपीचं 47 चं बहुमत त्या एका जागेवर उभं राहिलं. अहो, श्रीखंडाच्या दुसऱ्या वाढपाला आपल्याकडे याहून जास्त ताटं पुढे येतात! त्यातली किती मतदानाला गेली? पाऊस होता, हे मलाही ठाऊक आहे.

लेक त्या पावसात दारोदार पत्रकं वाटत होती. मी घरून फोन करत होतो, "आधी को-ऑपचं, त्या शिक्षणातल्या नोकरीचं, बघ." आता म्हणते, कधीतरी स्वतः उभी राहीन. राहू दे. पण दोसांझांसारखी दोनदा पडली तर? पुढच्या गणपतीत तिला "मग आता जॉबचं काय?" असं न विचारणारे आपल्यात किती निघतील? त्यात मला धरायचं की नाही, ते अजून ठरत नाहीये.