कान भरतो, कारण नाकात

श्रोतेहो, नमस्कार. लेकराला हाक मारली आणि त्यानं ओ दिली नाही, की आपण म्हणतो, 'लई हट्टी झालंय.' ते टीव्हीचा आवाज वाढवतं, बोलणं बोबडंच राहतं. कान दुखत नाही, वाहत नाही, तापही नाही. अशा वेळी कानाच्या पडद्यामागं पाणी साचलेलं असू शकतं.

आजीबाई म्हणतात, न्हाऊ घालताना गेलं असेल. पण पडदा शाबूत असेल तर आंघोळीचं पाणी पलीकडं जातच नाही. हे पाणी आतलंच. मधल्या कानापासून नाकाच्या मागं एक बारीक नळी जाते, तिच्यातून कानाला हवा मिळते. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि उतरती. तान्ह्या बाळात त्याच्या निम्मी आणि जवळजवळ आडवी. सर्दीनं ती सुजून बंद झाली की आतली हवा शोषली जाते आणि अस्तरातून पाणी झिरपतं. सर्दी बरी होते, पाणी मागं राहतं, कधी डिंकासारखं चिकट होतं.

नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढली तरी हेच घडतं. असं लेकरू तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं. टाळू फाटलेल्या बाळांना हा त्रास हमखास. आडवं निजवून बाटली पाजू नका. अंगावरचं दूध मात्र कानालाही राखतं.

आता धुराचं. न्हाऊ घातलं की निखाऱ्यावर ओवा, वेखंड टाकून बाळाला धुरी द्यायची, ही आपल्याकडची माया. पण त्या धुरानं नाकाचं अस्तर सुजतं. बिडीचा धूर तसाच. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत ऐन थंडीत चूल आणि लेकरू एकाच पाचटाखाली.

बहुतेकांचं पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही, आणि कानात सोडलेलं लसणाचं तेल पडद्याच्या अलीकडंच राहतं. तीन महिन्यांनंतरही ऐकू कमी येत असेल तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभागात दाखवा. गरज पडली तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीकशी नळी बसवतात.

अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, त्यांनाही सांगता येईल. पथक आलं तेव्हा लेकरू उसाच्या फडावर असेल, तर गावी परतल्यावर अंगणवाडीताईंना पुढची तारीख विचारून ठेवा.