शतावरीला बागेत थोडं रान ठेवा

नमस्कार. आज मी एकाच झाडाबद्दल बोलणारे, शतावरीबद्दल. दहा औषधी वनस्पतींची नावं ऐकून तुम्ही घरी गेलात तर त्यातली एकही लावणार नाही, एक नीट कळली तर ह्याच पावसाळ्यात लावाल.

आधी ओळख पटवूया, कारण बऱ्याच घरांमध्ये शतावरी म्हणून जे कुंडीत असतं ते शतावरी नसतंच. नर्सरीत अ‍ॅस्परॅगस म्हणून दोन शोभेची झाडं मिळतात, एक बुकेमध्ये घालतात ती मऊ, चपट्या पसरट फांद्यांची आणि दुसरी कुंडीतून खाली लोंबणारी, दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेकडची. कूळ एकच त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे, पण औषधात वापरतात ती ही नव्हे. आपली ती अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस, चढणारी काटेरी वेल. जुन्या खोडावरून बोट फिरवलंत की काटा लागतोच. आणि आपण जिला पानं म्हणतो ती पानं नाहीत बरं का, त्या बारीक हिरव्या काड्या म्हणजे खोडाचाच बदललेला भाग, दोन ते सहाच्या झुपक्यात येतात, किंचित वाकलेल्या असतात, आणि खरं पान आहे ते झालंय खवला नाहीतर काटा. रुंद पानच नाही म्हटल्यावर पाणी उडून जायला जागा कमी, म्हणून ही उघड्या माळावर पण तग धरते.

आता ती रानात कुठे दिसते ते आठवा. करवंदीच्या जाळीत, उतारावरच्या झुडपांच्या बुडाशी, कोकणात गडग्याच्या कडेला. सपाट, खुरपून साफ केलेल्या वाफ्यात ती स्वतःहून कधी उगवत नाही. म्हणजे तिला काय हवंय ते तिनेच सांगितलंय: पाणी वाहून जाईल असा उतार, बुडाशी सावली, वर ऊन आणि चढायला कोणीतरी. तुमच्या प्लॉटचा असा एखादा कोपरा असेल जिथे पालापाचोळा झाडत नाही, दोनचार झुडपं आपापली वाढतात, तर शतावरीची जागा तीच. आपट्याच्या किंवा शिवणीच्या पोरसवदा झाडाच्या बुडापासून हातभर लांब लावा, ती बरोबर फांदी शोधते. घाणेरीवर पण चढते, पण तिच्यासाठी म्हणून घाणेरी ठेवू नका, ती बाहेरून आलेली आहे आणि बाकी काही वाढू देत नाही.

मातीचं म्हणाल तर मुरमाड, हलकी, भुसभुशीत, झालं. शतावरी उन्हाने मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरते, मुळं कुजतात. काळी चिकण माती असेल तर खड्डा करूच नका, पावसात त्याचं डबकं होतं, उलट मुरूम, थोडी वाळू आणि कुजलेला पाला घालून उंचवटा करा आणि त्यावर लावा.

बी फळ पिकलं की घ्यायचं. पावसाळा सरता सरता बारीक पांढरी फुलं येतात, वास इतका गोड की वेल दिसायच्या आधी तो येतो आणि मधमाश्यांचा आवाज येतो, मग हिरवी फळं आणि नंतर ती लाल होतात. आत काळं टणक बी, एक किंवा दोन, कधी तीन. गर राखेत चोळून काढा, लावायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि मे-जूनमध्ये माती भरलेल्या पिशवीत टाका. मग धीर धरायचा, कारण हे बी एका वेळी सगळं उगवत नाही, काही तीन-चार आठवड्यात येतं, काही त्याहून उशिरा आणि बरंचसं येतच नाही, म्हणून हवं त्यापेक्षा जास्त टाका आणि पिशव्या लवकर ओतून टाकू नका. पहिला कोंब दोऱ्याइतका बारीक असतो. जमिनीत हलवायचं ते रोप चांगलं धरल्यावर, पावसाळ्यात. पहिल्या वर्षी शेळ्यांपासून सांभाळा, काटे तयार होईपर्यंत तिला स्वतःचा बचाव करता येत नाही.

एप्रिल-मेमध्ये वेल पिवळी पडते, काड्या झडतात, नुसती वाळकी सुतळी राहते. इथेच बरेच लोक मेली म्हणून उपटून टाकतात, आणि मला हे फार लागतं, कारण ती मेलेली नसते हो, खाली मुळांचा घोस भरलेला असतो, पाणी आणि अन्न दोन्ही त्यात साठवलेलं. वळवाचा पाऊस पडला की गड्ड्यातून जाडसर, जांभळट-हिरवे कोंब वर येतात आणि बघता बघता झुडपाच्या वर जातात. ह्या कोवळ्या कोंबांची रानभाजी करतात, जुन्या वेलीचे दोनचार खुडले तर काही बिघडत नाही, लहान वेलीला मात्र हात लावू नका.

आता मुळं काढायचं. दीड-दोन वर्षांनी निघतात, पण रानबागेत घाई कसली, तीन वर्षं जाऊ द्या. हिवाळ्यात, जमीन थोडी ओलसर असताना, एका बाजूने कुदळीने लांबून उकरत यायचं, मग हाताने. बोटाएवढी जाड, हातभर लांब, पिवळसर पांढरी मुळं एकाच गड्ड्याला लटकलेली दिसतात. सगळी ओढायची नाहीत. अर्ध्या बाजूची घ्या, गड्डा आणि त्याचे डोळे शाबूत ठेवा, माती परत लोटा, वर पाला टाका. वेल पुढच्या पावसात पुन्हा उभी राहते. गड्डा फार मोठा झाला असेल तर डोळे आणि दोनतीन मुळं राहतील असा तुकडा तोडून दुसरीकडे लावा, बियांपेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

काढलेली मुळं त्याच दिवशी सोला. ताज्या मुळाची साल नखानेही निघते, आणि आतली शीर एका टोकाला धरून ओढली की अख्खी दोऱ्यासारखी बाहेर येते, वाळल्यावर हेच काम जीव काढतं. मग तुकडे करून सावलीत वाळवा. बाळंतिणीला देतात तो शतावरी कल्प ह्याच मुळांचा, साखर आणि वेलदोडा घालून केलेला. पण घरात आहे म्हणून कोणालाही चमचे भरून देऊ नका, किती आणि कोणाला हे वैद्यांना विचारून, विशेषतः गरोदर बाई असेल किंवा हार्मोन्सची ट्रीटमेंट चालू असेल तर.

आणि जंगलातून उपटून आणू नका, हे मी कळकळीने सांगते. औषधात लागतं ते मूळ, पान नाही, त्यामुळे घाईत काढणारा अख्खी वेलच संपवतो. ज्या आदिवासी गावांचं पोट गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या मालावर आहे त्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गोळा करायचा हक्क दिलाय, तो त्यांचाच आहे. आपल्याकडे प्लॉट आहे, मग आपण लावू या की.

फ्लॅटमध्ये काय, असं मागून कोणीतरी विचारलं. येते की. पण कुंडी नको, तळाला भोकं पाडलेला मोठा ड्रम घ्या, कारण मुळं खोल जातात, ग्रिलवर वेल सोडा, आणि उन्हाळ्यात ती वाळली की पाणी अगदी कमी करा, तेव्हा रोज पाणी घातलं तर ड्रममध्ये मुळं सडतात. हो, आणि काटे लक्षात घ्या, लहान मुलं खेळतात त्या बाजूला नको.